मेंदूज्वर: दुखणं ओळखण्यात तास घालवू नका



शिबिरात, वसतिगृहात कोणी तापाने फणफणला की आपण क्रोसिनची गोळी देतो आणि सकाळी बघू म्हणतो. बहुतेक वेळा ते चालूनही जातं. पण मेनिंजायटिस, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूवरच्या आवरणाला येणारी सूज, सकाळपर्यंत थांबत नाही. जिवाणूंमुळे झालेला हा आजार चोवीस तासांत माणूस नेऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार अशा सुमारे 6 रुग्णांपैकी 1 दगावतो आणि वाचलेल्या 5 जणांपैकी एकाला गंभीर अपंगत्व येतं.

सुरुवात साध्या फ्लूसारखी असते, फसगत तिथेच होते. जोराचा ताप, पूर्वी कधी झाली नव्हती अशी डोकेदुखी, उलट्या, उजेड सहन न होणं. मान आखडते; हनुवटी छातीला लावायला सांगितली तर लागत नाही. मग रुग्ण असंबद्ध बोलू लागतो, सारखा झोपतो, जागं केलं तरी नीट ओळखत नाही, किंवा झटके येतात. ही सगळी लक्षणं एकत्र दिसतीलच असं नाही. मान मोकळी आहे म्हणून निर्धास्त राहू नये. ताप आणि भ्रमिष्टपणा एवढं दिसलं तरी दवाखाना गाठायचा.

अंगावर लाल-जांभळे ठिपके उठले तर काचेचा पारदर्शक ग्लास त्यावर दाबून बघा. ठिपके पुसट झाले नाहीत तर जिवाणू रक्तात पसरले असण्याची शक्यता आहे. सावळ्या कातडीवर हे ठिपके पटकन दिसत नाहीत, म्हणून तळहात, तळपाय आणि पापणीची आतली बाजू पाहावी. ठिपके नाहीत म्हणजे आजार नाही, असंही नव्हे.

तान्ह्या बाळाची मान सहसा आखडत नाही. त्याची टाळू फुगते, ते दूध ओढत नाही, मलूल पडतं किंवा उचलून घेतल्यावर उलट जास्तच किंचाळतं.

आपल्या वस्त्यांमध्ये क्षयरोग अजून आहे, म्हणून त्याचा मेंदूज्वर वेगळा सांगायला हवा. तो हळू येतो. दोन-तीन आठवडे बारीक ताप, डोकेदुखी, वजन घटणं, चिडचिड, वागण्यात फरक. घरचे म्हणतात, पोराला काहीतरी झालंय, आणि देवऋषाकडे नेतात. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतही हे घडतं, हे आपण प्रामाणिकपणे कबूल केलं पाहिजे. अंगात आलं म्हणून झाडून घेण्यात गेलेला आठवडा कोणतंही औषध परत आणत नाही.

दुसरी भीती पाठीतून पाणी काढण्याची. त्याने लकवा होतो असा समज आहे आणि त्यापायी नातेवाईक सही करत नाहीत. सुई मज्जारज्जू जिथे संपतो त्याच्या खाली टोचतात. नंतर डोकं दुखू शकतं, पण लकव्याची भीती जवळजवळ निराधार आहे. त्या पाण्यावरूनच कोणता जंतू आहे ते कळतं. कार्यकर्त्याने नातेवाइकांशेजारी बसून हे समजावलं, तर सही होते.

108 ला फोन करा. डॉक्टरांना ताप कधीपासून आहे, आधी कोणती गोळी दिली, घरात कोणाला टीबी आहे का, हे सांगा. श्रामणेर शिबिरात, वसतिगृहात एका खोलीत झोपणाऱ्यांची नावंही द्या. मेनिंगोकोकस जिवाणू निघाला तर त्यांनाही प्रतिबंधक औषध लागतं.

बाळांना बीसीजी, पेंटाव्हॅलंट आणि पीसीव्ही या लसी सरकारी केंद्रात मोफत मिळतात. मेंदूज्वराच्या काही प्रकारांपासून त्या वाचवतात, सगळ्या नव्हे. विहारात रविवारी वंदनेला येणाऱ्या आयांची लसीकरण कार्डं तपासायला अर्धा तास पुरतो.

आणि एक, जे डिस्चार्जच्या गडबडीत राहून जातं. बरं झालेल्या मुलाचे कान महिनाभराच्या आत तपासून घ्या. या आजाराने ऐकू येणं जातं, आणि शाळेत बाई म्हणतात, पोरगं लक्ष देत नाही.