तांब्यावरची रेघ

बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत ‘पिकलिंग’ हा शब्द रोजच्या वापरातला. आम्लाच्या टाकीत पोलाद बुडवले की वरचा थर निघून जातो. एचिंग हे छापचित्रही आम्लाच्या याच गुणावर उभे आहे. फरक एवढाच, की आम्लाने नेमके कुठे खायचे हे तिथे चित्रकार ठरवतो. तांब्याच्या पत्र्यावर मेण-राळेचा पातळ थर देतात आणि त्यावर सुईने रेघा ओढतात. जिथे तांबे उघडे पडते, तिथेच आम्ल खाते. मग थर पुसायचा, खाचांत शाई भरायची आणि वर ओलसर कागद ठेवून पत्रा दाबयंत्रातून काढायचा.

छिन्नीने तांबे कोरायला मनगटाचा जोर लागतो. मेणावर सुई पेन्सिलीसारखी धावते. म्हणून निसर्गासमोर बसून रेखाटणाऱ्यांना एचिंग जवळचे वाटले. फ्रान्समध्ये शार्ल-फ्रांस्वा दोबिन्यी याने १८५७ साली होडीलाच स्टुडिओ केले आणि सेन व वाझ नद्यांतून तो चित्रे काढत हिंडला. त्या जलप्रवासाची त्याची एचिंग्ज १८६२ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी पॅरिसमध्ये प्रकाशक कादार याच्या पुढाकाराने एचिंग करणाऱ्यांची संस्था निघाली. पाहणारा आणि पत्र्यावर रेघ ओढणारा हात एकच असावा, हा या चळवळीचा गाभा.

आपल्याकडे त्याआधी सुमारे सत्तर वर्षे नेमके हेच तुटलेले दिसते. स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स १७९१ साली मुंबईत आला. त्याने मुंबई परिसराची दृश्ये काढली, पुण्यात सवाई माधवरावांचे चित्र केले, वेरूळची लेणी रेखाटली आणि १७९५ मध्ये तो इथेच वारला. त्याच्या रेखाटनांवरून वेरूळची चोवीस दृश्ये १८०३ साली लंडनमध्ये थॉमस डॅनिएलच्या देखरेखीखाली अ‍ॅक्वाटिंट पद्धतीने छापली गेली. या पद्धतीत राळेच्या भुकटीमुळे छपाईत जलरंगासारख्या छटा उतरतात. छटा देखण्या आहेत. पण लेण्यासमोर बसलेल्याची रेघ त्यांत शोधावी लागते.

त्याच वेरूळला आणखी एक हात राबला होता. पुण्याच्या गंगाराम तांबट याने रेसिडेंट चार्ल्स मॅलेटसाठी लेण्यांची रेखाटने केली. वेल्सबरोबरही काम केले. त्याची मूळ चित्रे आज अमेरिकेत येल येथील संग्रहात आहेत. लंडनच्या पुस्तकाच्या शीर्षकात मात्र नावे वेल्स आणि डॅनिएल यांची.

आडनाव तांबट, पण तांब्याचा पत्रा दुसऱ्याच्या हाती होता. आपल्या निसर्गचित्रणाचा इतिहास लिहिताना छापील पानांवर थांबून चालणार नाही, मूळ कागदांपर्यंत जावे लागेल, ते यासाठी.