धर्मपीठ आणि राजदंड

इ. स. ३९५ त बादशहा थिओडोशियस वारला आणि रोमचें विशाल साम्राज्य त्याच्या दोन पुत्रांत वांटलें गेलें: पूर्व आर्केडियसकडे, पश्चिम होनोरियसकडे. पूर्वेचें राज्य १४५३ पर्यंत टिकलें. पश्चिमेचें सिंहासन ४७६ तच लयास गेलें. तेथें बादशहा उरला नाहीं, तेव्हां नगरांचा सांभाळ व गोरगरिबांचें पोषण बिशपांनीं पत्करलें. मठवासी साधूंनीं जुने ग्रंथ नकलून राखले. ख्रिस्ती धर्मपीठाची ही कमाई सेवेची होय. ती जमेस धरलीच पाहिजे.

परंतु त्याचें दुसरें बळ राजदंडाचें होतें. ज्या धर्माच्या अनुयायांस ३१३ त इतरांच्या बरोबरीनें उपासनेची मोकळीक मिळाली, तोच ३८० त राजाज्ञेनें राजधर्म ठरला. ३९१ त जुन्या देवतांच्या बलिपूजेस मनाई झाली. ५२९ त पूर्वेच्या जस्टिनियन बादशहाच्या हुकुमानें अथेन्समधील तत्त्वज्ञानाचें अध्यापन थांबलें. कालचे पीडित आज पीडक झाले! हा दोष एकट्या ख्रिस्ती धर्माचा नव्हे. राजदंड हातीं आलेल्या कोणत्याही पंथास तो जडतो. धर्मानें भुकेल्यास अन्न द्यावें, राज्यानें सर्वांस सारखा न्याय द्यावा. मतें मात्र ज्याच्या त्याच्या विवेकावर सोंपवावीं, असें आमचें स्पष्ट मत आहे.