लाल माती विकायची आहे? मग आधी तिचा रंग समजून घ्या

लाल मातीच्या धंद्यावरचा व्हिडिओ तुम्ही बघितलाच असेल. त्यात वेळेअभावी जे राहिलं, ते इथे सविस्तर लिहितोय.

दुकानात आलेलं गिऱ्हाईक हमखास म्हणतं, "माती एकदम लालभडक पाहिजे हं, म्हणजे झाडं जोरात येतील." इथेच गडबड आहे. लाल रंग म्हणजे कस नव्हे. लाल रंग म्हणजे लोह, साध्या भाषेत गंज! हे ज्याला कळलं, तोच या धंद्यात टिकतो.

ही माती बनते कशी?

कोकणात वर्षाला साधारण ३००० मि.मी. पाऊस पडतो. हजारो-लाखो वर्षं असा पाऊस आणि उष्णता मिळाली की खडक कुजत जातो. त्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम आणि बरीचशी सिलिका पाण्याबरोबर वाहून जाते. मागे उरतं लोह आणि ॲल्युमिनियम. त्यातून तयार होतो आपला जांभा दगड आणि जांभी माती. इंग्रजीत जांभ्याला लॅटेराइट म्हणतात. हे नाव फ्रान्सिस बुकानन यांनी १८०७ मध्ये केरळमधला असाच दगड पाहून दिलं. लॅटिनमध्ये 'लेटर' म्हणजे वीट.

नाव अगदी चपखल आहे. खाणीत ओलसर असताना हा दगड सहज कापता येतो, आणि उघड्यावर वाऱ्या-उन्हात सुकला की कडक होतो. म्हणून तर रत्नागिरी-सिंधुदुर्गात आणि गोव्यात घरं चिऱ्यांची.

गिऱ्हाईक कोण?

१. बांधकामवाले : यांना चिरे लागतात. पण खाण, यंत्रं, परवाने सगळं आलं. भांडवल मोठं लागतं, नवख्याचं काम नाही.

२. तालमी : आखाड्याची लाल माती चाळून त्यात ताक, हळद, तेल, लिंबू घालतात. गिऱ्हाईक कमी, पण दर्जाबाबत एकदम चोखंदळ.

३. गच्चीवर बाग करणारे आणि रोपवाटिका : कमी भांडवलात सुरुवात करायची तर इथून करा.

कुंडीसाठी नुसती लाल माती का चालत नाही?

चांगली बाजू अशी की पाण्याचा निचरा छान होतो. काळ्या मातीसारखी ती फुगत नाही, भेगाळत नाही. पण ती आम्लधर्मी असते, सेंद्रिय अंश आणि अन्नद्रव्यं कमी असतात. वरून तिच्यातलं लोह स्फुरद धरून ठेवतं, म्हणजे खत घातलं तरी मुळांना ते पुरेसं मिळत नाही. काजू-आंबा अशा जमिनीत येतो, पण कुंडीतला टोमॅटो उपाशी राहतो!

म्हणून नुसती माती विकू नका, मिश्रण विका. सुरुवातीला ४० टक्के चाळलेली लाल माती, ३० टक्के कंपोस्ट आणि ३० टक्के कोकोपीट घ्या. तुमच्या भागातल्या मातीप्रमाणे हे प्रमाण बदलेल. त्यासाठी माती परीक्षण करून घ्या आणि सामू किती येतो ते बघा.

हिशोब असा मांडा

एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे साधारण २८३० लिटर. समजा, चाळताना २० टक्के खडे निघाले, तर उरली २२६० लिटर. नुसती माती विकली तर १० लिटरच्या २२६ पिशव्या. तीच ४० टक्के प्रमाणात मिसळली तर मिश्रण होतं ५६५० लिटर. मिसळल्यावर ते थोडं बसतं, म्हणून ५०० पिशव्याच धरा. आता यात कंपोस्ट, कोकोपीट, पिशवी, मजुरी आणि वाहतूक मिळवा, मग भाव ठरवा. वजनावर नको, लिटरवर विका. ओली माती जड भरते आणि गिऱ्हाईकाला फसल्यासारखं वाटतं.

कागदपत्रं : इथे अजिबात ढिलाई नको

माती हे गौण खनिज आहे. शेत स्वतःचं असलं तरी विक्रीसाठी माती काढायची तर महसूल खात्याची परवानगी, स्वामित्वधन आणि वाहतूक पास लागतो. विनापरवाना सापडलात तर बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड, शिवाय गाडी जप्त होऊ शकते. विकत घेत असाल तर पुरवठादाराकडून पास आणि बिल मागा. नाही म्हणाला, तर कितीही स्वस्त असली तरी ती माती सोडा. पिशवीवर नाव-पत्ता, परिमाण, एमआरपी वगैरे वैधमापन नियमांप्रमाणे छापा.

आजच करा

काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती घ्या, वर पाणी भरा, जोरात हलवा आणि एक दिवस ठेवा. खाली वाळू बसेल, मग गाळ, वर चिकणमाती. दोन-तीन ठिकाणच्या मातीवर हे करून थर मोजा आणि वहीत लिहा. पुढच्या वेळी गिऱ्हाईक "लालभडक द्या" म्हणालं की त्याला ती बरणी दाखवा. ज्याला समजावून सांगता येतं, त्याच्याकडे गिऱ्हाईक परत येतं.