बाटली हलवून घ्या!

कॉड माशाच्या तेलाच्या दुधाळ औषधावर ‘घेण्यापूर्वी बाटली हलवावी’ अशी सूचना असते. या औषधात तेलाचे सूक्ष्म थेंब पाण्यात विखुरलेले असतात. अशा मिश्रणाला ‘पायस’ म्हणतात. दूध हेही पायसच. अ आणि ड जीवनसत्त्वे असतात ती तेलात. तेव्हा तेल वर गोळा झाले, तर एका चमच्यात जीवनसत्त्वे भरपूर आणि दुसऱ्यात नाममात्र!

तेल हलके म्हणून वर येते, हे तुम्ही सांगालच. पण किती वेगाने? स्टोक्स यांच्या १८५१ सालच्या नियमानुसार हा वेग थेंबाच्या त्रिज्येच्या वर्गाच्या सम प्रमाणात आणि द्रवाच्या श्यानतेच्या, म्हणजे दाटपणाच्या, व्यस्त प्रमाणात असतो. तेलाची घनता पाण्याच्या ०.९२ पट धरून गणित करा. १० मायक्रॉन त्रिज्येचा थेंब तासात सुमारे ६ सेंमी. चढतो, १ मायक्रॉनचा थेंब दिवसभरात जेमतेम दीड सेंमी.!

तर थेंब बारीक करावेत. पण १० मिलिलिटर तेलाचे एवढे बारीक थेंब केले, की त्यांचे एकूण पृष्ठफळ ३० चौरस मीटर होते. पृष्ठताण ते कमी करू पाहतो आणि थेंब एकमेकांत मिसळतात. येथे साबणासारखे पृष्ठक्रियाशील पदार्थ उपयोगी पडतात. त्यांच्या रेणूचे एक टोक तेलात, दुसरे पाण्यात राहते आणि पृष्ठताण घटतो.

उरला दाटपणा. पूर्वी औषधे बनवणारे त्यासाठी डिंक खलत. आता मिथिल सेल्युलोजही वापरतात. कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. त्याच्या साखळीवर जलस्नेही हायड्रॉक्सिल गट खच्चून भरलेले असतात, तरी तो पाण्यात विरघळत नाही. कारण शेजारच्या साखळ्या हायड्रोजन बंधांनी एकमेकींना घट्ट धरून असतात. त्यांतील काही गटांच्या जागी मिथॉक्सी गट बसवले, की पकड सुटते आणि पदार्थ थंड पाण्यात विरघळतो. म्हणजे जलस्नेही गट कमी केल्याने विद्राव्यता वाढली! (हे द्रावण तापवले तर पातळ होण्याऐवजी थिजते, ही आणखी एक गंमत.) या साखळ्या पाणी दाट करतात, शिवाय थेंबांवर बसून त्यांना परस्परांपासून दूर ठेवतात.

मात्र दोन्ही पदार्थ भरपूर घातले म्हणजे झाले, असे नाही. पृष्ठक्रियाशील रेणू फार झाले, तर ते साखळ्यांना थेंबांवरून हुसकावतात. मोकळ्या साखळ्या दोन थेंबांमधील चिंचोळ्या फटीत मावत नाहीत. बाहेरच्या द्रावणाचा दाब थेंबांना एकत्र ढकलतो. त्यांचे घोस बनतात आणि मोठ्या थेंबासारखे भराभर वर चढतात. बाटली हलवली की घोस सुटतात. पण एकमेकांत मिसळून गेलेले थेंब नुसत्या हलवण्याने पुन्हा तेवढे बारीक होत नाहीत.