शेतीकामासाठी घरगुती सी.एन.सी. राउटर : नियोजन आणि सुट्या भागांची निवड

खेड, मावळ आणि हवेली तालुक्यांतील अनेक घरांत एक भाऊ शेती पाहतो आणि दुसरा भोसरी, तळवडे किंवा चाकणच्या कारखान्यात पाळीवर जातो. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ साली झाली. त्यानंतर पिंपरी-चिंचवड परिसरात कारखाने वाढत गेले आणि पुढे ते चाकणच्या कांदा-बटाट्याच्या पट्ट्यापर्यंत पोहोचले. त्यामुळे या भागातील शेतकरी कुटुंबांना बियाणे जसे कळते तसे लेथ आणि मिलिंग यंत्रही कळते. अशा घरांतील तरुण आता विचारतात की, घरच्या घरी लहान सी.एन.सी. राउटर तयार करता येईल का? तो करता येतो. परंतु पीक घेण्यापूर्वी जसे नियोजन लागते तसेच ते येथेही लागते.

मागील खरिपापूर्वी एक तरुण शेतकरी आमच्याकडे आला होता. त्याच्या टोकण यंत्राच्या चकतीतील खाचा मक्याच्या नवीन वाणाच्या दाण्याला लहान पडत होत्या. चकत्या स्वतः कापाव्यात म्हणून त्याने प्रथम २.२ किलोवॉटचा स्पिंडल आणि मोटारी विकत घेतल्या. उरलेल्या पैशात पातळ अँगलचा सांगाडा केला. कापताना यंत्र थरथरले, खाचा लंबगोल झाल्या आणि चकत्या तयार होईपर्यंत पेरणीची वेळ आली. शेवटी मजूर लावून हाताने टोकण करावी लागली. भाग चांगले होते, पण खरेदीचा क्रम उलटा होता.

चकतीचे महत्त्व

मका ७५ × २० सें.मी. अंतरावर पेरल्यास एकरी सुमारे २६,६०० झाडे बसतात. चकतीच्या दहा खाचांपैकी एक जरी रिकामी गेली तरी एकरी अडीच हजारांहून अधिक जागा मोकळ्या राहतात. खत, पाणी आणि खुरपणी मात्र पूर्ण रानाला द्यावी लागते.

खाचांची संख्या काढणे सोपे आहे. समजा, टोकण यंत्राच्या चाकाचा व्यास ४० सें.मी. आहे. त्याचा परीघ सुमारे १२५ सें.मी. होईल. चाकाच्या दोन फेऱ्यांत चकतीची एक फेरी होत असेल तर तेवढ्या वेळात यंत्र सुमारे २५० सें.मी. पुढे जाते. चकतीला १२ खाचा ठेवल्यास दोन दाण्यांत सुमारे २१ सें.मी. अंतर पडते. खाच मोठ्यात मोठ्या दाण्याहून किंचित मोठी असावी. फार मोठी केल्यास दोन दाणे पडतात.

राउटर म्हणजे काय?

राउटर म्हणजे वेगाने फिरणारे कटर. सुतार ते हाताने चालवतो. सी.एन.सी. राउटरमध्ये तेच कटर संगणकाने दिलेल्या आकड्यांप्रमाणे डावी-उजवीकडे, पुढे-मागे आणि वर-खाली चालते. आकड्यांवर चालणारे मिलिंग यंत्र अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत १९५२ साली प्रथम दाखविण्यात आले. एकेकाळी फक्त मोठ्या कारखान्यांना परवडणारे हे तंत्र आता लहान वर्कशॉपच्या आवाक्यात आले आहे.

आधी काम ठरवावे

यंत्राने काय कापायचे याची यादी प्रथम करावी. प्लॅस्टिकच्या बियाणे-चकत्या, मधपेटीच्या फळ्या, फवारणी पंपाच्या जोडणीसाठी नायलॉनचे तुकडे अशी कामे असतील तर त्यांतील सर्वांत मोठ्या तुकड्याचे माप घ्यावे. मेलिफेरा मधमाशीच्या दहा चौकटींच्या पेटीची लांब फळी सुमारे ५० सें.मी. असते. म्हणजे ६०० × ४०० मि.मी. कामाची जागा पुरेशी होते. 'पुढे उपयोगी पडेल' म्हणून चार फूट × आठ फुटांचे यंत्र पहिल्याच वेळी करू नये.

वर्षातून चार-पाच चकत्याच लागत असतील तर यंत्र करण्याच्या फंदात न पडता भोसरी किंवा चाकणमधील वर्कशॉपमधून जॉबवर्क करून घ्यावे. दोन-तीन दरपत्रके घेऊन हा हिशेब आधीच करावा.

सांगाडा

पहिला खर्च सांगाड्यावर करावा. दोन्ही टोकांना टेकविलेला दांडा मधोमध दाबला असता लांबी दुप्पट केल्यास तो आठपट वाकतो. याउलट गोल दांड्याचा व्यास दुप्पट केल्यास वाक सोळाव्या हिश्श्यावर येतो. म्हणून यंत्र लहान आणि जाड असावे.

जाड भिंतीच्या चौकोनी लोखंडी नळ्या किंवा ॲल्युमिनियम प्रोफाइल यांपैकी जे मिळेल ते वापरावे. वेल्डिंगने लोखंड ओढले जाते. त्यामुळे गाईड बसणाऱ्या जागा वेल्डिंगनंतर मशिनिंग करून सपाट करून घ्याव्यात. औद्योगिक पट्ट्यात राहण्याचा खरा फायदा येथेच आहे, कारण हे काम जवळच होते. काटकोन गुण्याने पाहावा आणि चौकटीचे दोन्ही कर्ण मोजावेत. समोरासमोरच्या बाजू सारख्या असतील आणि कर्णही सारखे भरले तर चौकट काटकोनात आहे असे समजावे.

गाईड आणि बॉल स्क्रू

फक्त टोकांना धरलेले गोल दांडे स्वस्त असतात, पण मधे झोल खातात. त्याऐवजी पूर्ण लांबीत खालून आधार असलेले दांडे किंवा चौकोनी लिनिअर गाईड घ्यावेत. १५ मि.मी. रुंदीचे गाईड लहान यंत्रास पुरतात.

हालचालीसाठी पट्टा किंवा बॉल स्क्रू वापरतात. पट्टा स्वस्त व वेगवान असतो, पण ताण आला की लवतो. चकतीसारख्या अचूक कामासाठी १६ मि.मी. व्यासाचा आणि एका फेरीत ५ मि.मी. सरकणारा बॉल स्क्रू योग्य ठरतो. बाजारात तो '१६०५' या नावाने मिळतो. भंगारातील बॉल स्क्रू घेताना नट हाताने मागे-पुढे हलवून पाहावा. खुटखुट जाणवल्यास तो घेऊ नये.

मोटार, ड्रायव्हर आणि कंट्रोलर

स्टेपर मोटारीचे माप 'नेमा' क्रमांकाने सांगतात. नेमा १७ चा दर्शनी भाग सुमारे ४२ मि.मी., तर नेमा २३ चा सुमारे ५७ मि.मी. असतो. वरील मापाच्या यंत्रास नेमा २३ च्या सुमारे १८ ते २० कि.ग्रॅ.-सें.मी. जोराच्या मोटारी घ्याव्यात. ड्रायव्हर मोटारीच्या ॲम्पियरनुसार निवडावा. वीज चालू असताना मोटारीची वायर कधीही काढू नये, त्यामुळे ड्रायव्हर जळतो.

साधी स्टेपर मोटार एका फेरीत २०० पायऱ्या घेते. ड्रायव्हरवर प्रत्येक पायरीचे आठ भाग केल्यास एका फेरीला १,६०० स्पंद लागतात. फेरीत ५ मि.मी. हालचाल होत असल्याने १ मि.मी. साठी ३२० स्पंद होतात. हाच आकडा कंट्रोलरमध्ये भरावा लागतो.

नवशिक्यास आर्डुइनो उनो बोर्ड आणि त्यावर चालणारी 'जी.आर.बी.एल.' ही मोफत प्रणाली पुरेशी आहे. चित्र काढण्यासाठी व कटरचा मार्ग तयार करण्यासाठी फ्रीकॅड हे सॉफ्टवेअरही मोफत मिळते. बोर्ड व किरकोळ इलेक्ट्रॉनिक सामान पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत मिळते. हे सामान शेवटी घ्यावे.

स्पिंडल

६ ते १० मि.मी. जाडीचे प्लॅस्टिक आणि लाकूड कापण्यास ६०० ते ८०० वॉटचा सुतारी ट्रिमर चालतो. मोठ्या स्पिंडलसोबत त्याचे वजन पेलणारा सांगाडा, वेग बदलणारा ड्राइव्ह आणि स्वतंत्र वायरिंग हा खर्चही येतो.

प्लॅस्टिकसाठी एकधारी कटर वापरावे. कटर मिनिटाला १२,००० फेरे फिरत असेल आणि प्रत्येक फेरीत ०.१ मि.मी. कीस निघावा असे ठरविले तर पुढे सरकण्याचा वेग मिनिटाला १,२०० मि.मी. येतो. कटर वेगाने फिरवून फार हळू सरकविल्यास प्लॅस्टिक कापले न जाता वितळते व कटरला चिकटते.

वीज आणि सुरक्षितता

काम चालू असताना वीज गेल्यास यंत्राला आपली जागा आठवत नाही. म्हणून तिन्ही बाजूंना लिमिट स्विच बसवावेत, म्हणजे यंत्र मूळ जागेवरून पुन्हा सुरू करता येते. यंत्रास चांगले अर्थिंग द्यावे. हाताशी येईल असे लाल आणीबाणी बटण बसवावे. डोळ्यांना चष्मा व नाकाला फडके असावे. हातमोजे, उपरणे, ओढणी किंवा सैल बाह्या घालून चालू यंत्राजवळ जाऊ नये. यंत्र चालू ठेवून रानात निघून जाऊ नये.

चाचणी

कटर लावण्यापूर्वी त्याच्या जागी पेन बांधून कागदावर चौकोन व वर्तुळ काढावे. वर्तुळाची रेघ सुरुवातीच्या बिंदूला मिळाली नाही तर कोठेतरी खेळ आहे किंवा मोटार पायऱ्या चुकवते आहे. नंतर १०० मि.मी. सरकवून व्हर्निअरने प्रत्यक्ष माप घ्यावे. पहिली चकती तयार झाल्यावर टोकण यंत्र उचलून चाक हाताने फिरवावे आणि शंभर खाचांतून किती दाणे पडले ते मोजावे. ही चाचणी पेरणीपूर्वी किमान महिनाभर आधी करावी, म्हणजे दुरुस्तीस वेळ राहतो.

प्रत्यक्ष पाहण्याची जागा

शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या बाहेर उभ्या राहिलेल्या पहिल्या फॅब लॅबपैकी एक तेथे २००२ साली सुरू झाली. फॅब लॅब म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची लहान कार्यशाळा. गावातील गरजेची वस्तू गावातच तयार करण्याचा विचार तेथे रुजला. पैसे गुंतविण्यापूर्वी अशा ठिकाणी आधी विचारणा करून भेट द्यावी. घरातील जो भाऊ कारखान्यात सी.एन.सी. यंत्रावर काम करतो त्याचा सल्ला तर अवश्य घ्यावा.

थोडक्यात

१) काय कापायचे ते ठरवावे. २) त्यावरून यंत्राचे माप काढावे. ३) सांगाडा भक्कम करावा. ४) गाईड व बॉल स्क्रू घ्यावेत. ५) त्यांना पेलतील अशा मोटारी निवडाव्यात. ६) कामापुरताच स्पिंडल घ्यावा. ७) कंट्रोलर शेवटी घ्यावा.

आपण जमीन आणि पाणी पाहून वाण निवडतो. आधी बियाणे आणून मग त्याला जमीन शोधत नाही. शेतकरी बंधूंनी यंत्राच्या बाबतीतही हाच क्रम ठेवल्यास पैसा वाया जाणार नाही आणि चकती पेरणीच्या वेळी हातात असेल.