पाटे बदलले आणि स्टिअरिंग बिघडले

ट्रकला नवे पाटे बसले. गाडी उंच आणि ताठ दिसू लागली. मालक खूश झाला. पण दहा किलोमीटर जाताच ड्रायव्हर म्हणतो, "मालक, गाडी डावीकडं ओढतीय." मेस्त्री म्हणतो, "पाटे नवे आहेत, बसतील हळूहळू." यात खरे कोणाचे? घाटात वळणावर जीव ड्रायव्हर-क्लीनरचा जातो, म्हणून हे आपण नीट समजून घेऊ.

पाटे म्हणजे गाडीची गादी, असे पुष्कळांना वाटते. ते अर्धेच खरे आहे. पुढच्या दोन चाकांना जोडणारा जाड आस, म्हणजे अ‍ॅक्सल, यू बोल्टने पाट्यांनाच आवळलेला असतो. तो कुठे राहील, किती कललेला राहील, हे पाटेच ठरवतात. बैलगाडीचा आस एका बाजूला दोन बोटे मागे सरकला, तर गाडी सरळ चालेल का?

पाट्यांच्या मधोमध एक सेंटर बोल्ट असतो. त्याचे डोके आसाच्या भोकात बसते. यू बोल्ट ढिले राहिले, की सगळा ताण या लहानशा बोल्टावर येतो. तो तुटला की आस सरकतो. डाव्या बाजूने मागे सरकला, तर गाडी डावीकडे ओढते.

आता दुसरी गोष्ट. जास्त माल भरता यावा म्हणून कित्येक जण एखादा पाटा वाढवतात. (पाटा वाढला म्हणून ब्रेक, टायर आणि आस काही जास्त बळकट होत नाहीत. ठरल्यापेक्षा जास्त वजन भरणे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने गुन्हाच आहे.) पाटा वाढला की चासी वर उचलली जाते. स्टिअरिंगची पेटी चासीवर असते, ती वर जाते. चाके मात्र जमिनीवरच राहतात. पेटी आणि चाक यांना जोडणारा दांडा, म्हणजे ड्रॅग लिंक, जास्त तिरका होतो. मग चाके सरळ असताना स्टिअरिंग वाकडे दिसते. खड्ड्यात चाक आपटले, की हातातले स्टिअरिंग आपोआप फिरते.

आणि तिसरी. सायकलची सीट धरून ती पुढे ढकलून पाहा. हँडलला हात लावू नका. तरी ती बरीच सरळ जाते. याचे एक कारण असे, की तिचा पुढचा चिमटा वरच्या बाजूला मागे कललेला असतो. ट्रकचा किंगपिनही तसाच थोडा मागे कललेला असतो. म्हणून वळणानंतर स्टिअरिंग स्वतःहून सरळ होऊ पाहते. मागचे पाटे वाढवून गाडीची मागची बाजू उंच केली, तर चासी पुढे झुकते आणि हा कल कमी होतो. मग गाडी रस्त्यावर भरकटते. सारखी सावरावी लागते. ड्रायव्हरचे खांदे भरून येतात. यावर पाटा आणि आस यांच्यामध्ये लोखंडी पाचर घालतात. पाचर उलटी बसली, तर कल आणखीच घटतो!

पुष्कळ ठिकाणी मेस्त्री फक्त टो-इन जुळवून देतो. टो-इन म्हणजे दोन्ही चाकांची तोंडे किंचित आत वळलेली असणे. ते बघावेच, कारण ते चुकले तर टायर लवकर झिजतात. पण अखंड आसाच्या ट्रकमध्ये पाटे बदलल्याने टो-इन फारसे बिघडत नाही. दुखणे एकीकडे आणि मलम दुसरीकडे, असे ते काम होते.

आस सरकला आहे की नाही, हे आपल्यालाही पाहता येते. गाडी सपाट जागी, चाके सरळ ठेवून उभी करावी. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत टेपने मोजावे. दुसऱ्या बाजूलाही तसेच मोजावे. आकडे पाटीवर लिहावेत. दोन आकड्यांत ठळक फरक दिसला, तर गाडी परत मेस्त्रीकडे न्यावी व सेंटर बोल्ट उघडून दाखवायला सांगावे.

नवे पाटे भार पडल्यावर दबतात, तसे यू बोल्ट ढिले होतात. पहिल्या काही शे किलोमीटरनंतर ते पुन्हा आवळून घ्यावेत. किती आवळायचे, तो आकडा कंपनीच्या पुस्तकात दिलेला असतो.