श्वास रोखून बसण्यातलं सुख

मागच्या वर्षी बाबांची अँजिओप्लास्टी झाली, दोन स्टेंट बसले. घरी आल्यावर आईने लोणच्याची बरणी वरच्या फळीवर ठेवली आणि टीव्हीचा रिमोट स्वतःच्या ताब्यात घेतला. बाबा गुप्तहेरांच्या सिनेमांचे जुने शौकीन. 1967 मध्ये जितेंद्रचा ‘फर्ज’ आणि पुढच्या वर्षी धर्मेंद्रचा ‘आँखें’ त्यांनी शाळा बुडवून पाहिले होते. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा भूगोलाच्या पुस्तकात लपवून वाचणाऱ्या पिढीतले ते. ‘अहो, आता असलं काही बघू नका, उगाच छातीत धडधड व्हायची,’ असं आई म्हणाली. त्यावर बाबांचं उत्तर ठरलेलं होतं : ‘अगं, धडधड होते म्हणून तर बघायचं!’

दोघांचंही म्हणणं बरोबर होतं. धडधड होते हे खरं आणि त्याचसाठी आपण बघतो हेही खरं. प्रत्यक्ष आयुष्यात जी अवस्था आपण जिवाच्या आकांताने टाळतो, ती अंधारात बसून, तिकीट काढून का विकत घेतो?

पडद्यावर कुणी दबक्या पावलांनी जिना चढू लागलं, की आपल्या मेंदूतली धोका ओळखणारी यंत्रणा हा सिनेमा आहे की खरं, याची चौकशी करत बसत नाही. अ‍ॅड्रेनॅलिन रक्तात येतं, नाडी वाढते, श्वास उथळ होतो, तळहाताला घाम सुटतो. ताण मोजण्यासाठी शास्त्रज्ञ हाच तळहाताचा घाम वापरतात. त्याच वेळी कपाळामागचा, विचार करणारा मेंदू शांतपणे सांगत असतो की आपण खुर्चीत आहोत, शेजारी बायको आहे आणि बाहेर रिक्षा मिळेल. शरीर धोक्यात, मन सुरक्षित. या दोन्हींतला तोल जोवर टिकतो तोवर भीतीची गोडी लागते. तो ढळला तर नुसती भीती उरते किंवा नुसता कंटाळा.

पण ही धडधड नेमकी कशाने होते? गोळीबाराने आणि उडणाऱ्या गाड्यांनी, असं वाटतं खरं. आल्फ्रेड हिचकॉकने फ्रान्स्वा त्रुफोला दिलेल्या मुलाखतीत याचं फार साधं उत्तर दिलं होतं. टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला ठाऊक नसेल, तर स्फोट झाल्यावर तो काही सेकंद दचकेल. पण बॉम्ब आहे आणि तो कधी फुटणार, हे त्याला आधी सांगितलं, तर टेबलावरच्या माणसांच्या साध्या गप्पाही तो पंधरा मिनिटं जीव मुठीत धरून ऐकेल.

आपल्याकडे याचं उत्तम उदाहरण मला मेघना गुलजारचा ‘राझी’ (2018) वाटतो. ज्यांनी अजून पाहिला नाही त्यांनी हा परिच्छेद सोडावा. 1971 च्या युद्धाआधीचा काळ. सहमत ही काश्मिरी मुलगी पाकिस्तानी लष्करी अधिकाऱ्याच्या घरात सून म्हणून जाते आणि तिथून बातम्या धाडते. सिनेमाचा बराच भाग घरातच घडतो : जेवणाचं टेबल, न्हाणीघर, जिना, दिवाणखाना. शस्त्रं फार दिसत नाहीत. पण ती कोण आहे हे आपल्याला ठाऊक आहे आणि त्या घराला नाही, त्यामुळे सासऱ्यांच्या खोलीचं दार उघडण्यासारखी क्षुल्लक क्रियाही टेबलाखालचा बॉम्ब होते. वर घरची माणसं प्रेमळ आहेत. ती पकडली जाऊ नये असं वाटतं आणि त्यांचा घात होऊ नये असंही वाटतं. जुना नोकर अब्दुल तिचं गुपित ओळखतो आणि ती जीप घेऊन त्याच्या मागे जाते, तेव्हा आपण नक्की कुणाच्या बाजूने श्वास रोखलेला असतो, हे सांगणं कठीण आहे. माझ्या मते ‘राझी’ची पकड इथेच आहे. जिच्यासाठी आपण घाबरतो, तिचीच थोडी भीतीही वाटते.

अशा प्रसंगी पॉपकॉर्नचा हात हवेतच थांबतो, त्यामागचं कारण अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकमधल्या संशोधकांनी दाखवलं. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात मॅथ्यू बेझडेक आणि सहकाऱ्यांनी लोकांना एमआरआय यंत्रात झोपवून हिचकॉकच्या सिनेमांसारखे उत्कंठेचे तुकडे दाखवले. चित्राच्या कडेने बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन लुकलुकत ठेवले होते. उत्कंठा वाढली की मेंदूच्या दृष्टिकेंद्रातला, कडेचं दृश्य टिपणारा भाग मंदावत होता; ताण ओसरला की तो पुन्हा जागा होत होता. म्हणजे मेंदू आजूबाजूचं जग अक्षरशः बारीक करतो. आईने तीनदा ‘जेवायला या’ म्हटलेलं बाबांना ऐकू येत नाही, ते कदाचित याच प्रकारातलं असेल. (आईला हे पटलेलं नाही.)

मग या ताणात सुख कुठून येतं? एक धागा डोपामिनचा आहे. हे बक्षिसाचं रसायन म्हणून ओळखलं जातं, पण माकडांवरच्या प्रयोगांतून वेगळंच दिसलं. वोल्फ्राम शुल्त्झ आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये माकडांना फळाचा रस मिळण्याची शक्यता कमी-जास्त करून पाहिली. रस नक्की मिळणार किंवा नक्की नाही मिळणार, हे ठाऊक असताना वाट पाहण्याच्या काळात डोपामिनच्या पेशी जवळपास शांत होत्या. मिळेल की नाही, निम्मी-निम्मी शक्यता असताना मात्र त्यांची हालचाल शेवटच्या क्षणापर्यंत चढत गेली. माकडाच्या रसावरून माणसाच्या सिनेमापर्यंत उडी मारताना थोडं जपून बोलायला हवं, पण ‘आता काय होणार’ या अनिश्चिततेत मेंदू रमतो, एवढं त्यातून दिसतं.

यावर बाबांनी काढलेला मुद्दा चोख होता. ‘71 चं युद्ध कोण जिंकलं हे शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. ‘विक्रांत’ बुडाली नाही, हेही माहीत आहे. शिवाय ‘राझी’ मी दुसऱ्यांदा बघतोय. अनिश्चित काय राहिलं?’ मानसशास्त्रात या कोड्यावर बरंच लिहिलं गेलं आहे. गोष्टीत शिरलेलं मन बाहेरची माहिती क्षणोक्षणी वापरत नाही. ते पात्राच्या शेजारी, त्याच्याच वेळेत उभं राहतं. उलट, 2011 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेतल्या लेविट आणि ख्रिस्टेनफेल्ड यांच्या प्रयोगात वाचकांना कथांचा शेवट आधीच सांगितला, तर त्या किंचित जास्तच आवडल्या. त्यामुळे शेवट फोडणाऱ्या मित्रावर डूख धरायचं फारसं कारण नाही. ‘कहानी’चा शेवट मला पाहण्याआधी कुणी सांगितला असता, तर मात्र मी हे इतक्या उदारपणे लिहिलं असतं का, शंकाच आहे.

सुखाचा दुसरा धागा सुटकेत आहे. रक्तात आलेलं अ‍ॅड्रेनॅलिन प्रसंग संपला म्हणून लगेच नाहीसं होत नाही. शरीर पूर्वपदावर यायला काही मिनिटं घेतं. त्या काळात जी भावना येईल, तिला या उरलेल्या उत्तेजनेचा जोर मिळतो, असा सिद्धांत डॉल्फ झिलमान यांनी 1970 च्या दशकात मांडला. धोका टळला की साधं हायसं वाटायच्या जागी आनंदाचं भरतं येतं, ते त्यामुळे. नीरज पांडेच्या ‘बेबी’चा (2015) शेवट गोळीबारात होत नाही, आरोपीला घेऊन परदेशातल्या विमानतळावरून निसटायचं असतं, एवढंच. विमान सुटतं तेव्हा थिएटरात टाळ्या पडतात, त्या आधीच्या वीस मिनिटांच्या घुसमटीच्या असतात. आपल्या मध्यंतराची करामतही हीच असावी. ऐन खिंडीत गाठून दिवे लागतात आणि गारढोण सामोसाही अमृतासारखा लागतो.

हे सगळं एकट्याने अनुभवायचं की गर्दीत? जर्मनीत माइन्झ शहरातल्या माक्स प्लांक रसायनशास्त्र संस्थेच्या जोनाथन विल्यम्स यांच्या गटाने चित्रपटगृहातली हवाच तपासली. 16 चित्रपटांचे खेळ, साडेनऊ हजारांवर प्रेक्षक. 2016 मध्ये त्यांनी सांगितलं, की उत्कंठेच्या प्रसंगी हवेतला कार्बन डाय ऑक्साइड आणि आयसोप्रीन हे रसायन उसळी घेतं, आणि तोच सिनेमा वेगळ्या प्रेक्षकांना दाखवला तरी त्याच जागी घेतं. स्नायू आवळले, माणसं खुर्चीत सावरून बसली, श्वास रोखून सोडला, की आयसोप्रीन बाहेर पडतं. शेकडो अनोळखी माणसं एकाच क्षणी श्वास सोडतात, तेव्हा खोलीची हवा बदलते. बाबांच्या तरुणपणीच्या एकपडदा थिएटरात हे यंत्राशिवायही कळत असावं.

सगळेच गुप्तहेरपट असे चालत नाहीत, हेही खरं. ‘पठाण’मध्ये (2023) शाहरुखला काही होणार नाही याची खात्री पहिल्या मिनिटापासून असते. चालत्या गाडीवर सलमान अवतरतो तेव्हा लोक शिट्ट्या मारतात, तो जत्रेचा आनंद. त्यालाही माझी ना नाही. फक्त तिथे तळहात कोरडे राहतात.

आता आईच्या काळजीचं काय? ती अनाठायी नाही. 2006 च्या फुटबॉल विश्वचषकात जर्मनीचा सामना असलेल्या दिवशी म्युनिक परिसरात हृदयविकाराच्या तातडीच्या घटना एरवीच्या 2.66 पट झाल्याची नोंद आहे. पण सामन्यात निकाल खरा असतो. आपण घाबरतो ते खोटं आहे, असं सांगणारा मेंदूचा शांत भाग तिथे कामाला येत नाही. सिनेमाबाबतचा पुरावा सौम्य आहे. ‘रक्त गोठणं’ हा वाक्प्रचार खरा आहे का, हे पाहायला नेदरलँड्समधल्या लायडनच्या डॉक्टरांनी 24 निरोगी तरुणांना एक भयपट आणि एक माहितीपट दाखवला. भयपटानंतर रक्त गोठवणाऱ्या घटकांपैकी एक, फॅक्टर 8, वाढलेला आढळला; प्रत्यक्षात गुठळ्या होऊ लागल्याची खूण मात्र दिसली नाही. हे तरुण होते, बाबा एकाहत्तर वर्षांचे. म्हणून तपासणीच्या वेळी डॉक्टरांनाच विचारलं. त्यांनी उलट प्रश्न केला, ‘दोन जिने चढताना छातीत दुखतं का? धाप लागते?’ नाही म्हटल्यावर ते हसले. ‘मग बघा की. गोळ्या वेळेवर घ्या आणि काही झालं तर सिनेमा संपायची वाट बघू नका.’ ज्यांना थोड्या श्रमानेही छातीत दुखतं, ज्यांचा रक्तदाब ताब्यात नाही किंवा ज्यांना नुकताच झटका येऊन गेला आहे, त्यांनी हे उत्तर आपलं समजू नये. आपल्या डॉक्टरांना विचारावं.

डॉक्टरांनी एक अट मात्र घातली : रात्री दहानंतर नाही. मला वाटतं, खरा धोका सिनेमापेक्षा मालिकेत आहे. ‘द फॅमिली मॅन’सारखी चांगली मालिका भाग संपवते तीच कड्याच्या टोकावर नेऊन. सुटका पुढच्या भागात, आणि तो दहा सेकंदांत आपोआप सुरू होतो. ताण चढलेला, सुटका नाही, समोर उजेड. रात्री दोन वाजता अंथरुणावर पडलेलं शरीर अजून कुणाच्या तरी मागावर असतं. यावर मी एक उपाय करतो : भाग संपल्यावर न थांबता पुढच्याची पहिली दहा मिनिटं बघायची आणि मग बंद करायचं. कडा ओलांडलेला असतो, झोप लागते.

दिवाळीत आम्ही सगळे ‘राझी’ बघायला बसलो. आईने कोविडच्या दिवसांतला ऑक्सिमीटर शोधून बाबांच्या बोटाला लावला. सुरुवातीला नाडी 66. बीटा ब्लॉकरची गोळी चालू असल्याने तशीही ती फार उसळत नाही. जीपच्या प्रसंगात 84 दिसली. सिनेमा संपला, बाबांनी डोळे पुसले, चहा मागितला. पंधरा मिनिटांत पुन्हा 68. आईने ऑक्सिमीटर काढायला हात पुढे केला तेवढ्यात दाराची बेल वाजली. सोसायटीचे सेक्रेटरी पार्किंगच्या जागेबद्दल बोलायला आले होते.

ते गेले तेव्हा आकडा 97 होता.